कापराचा पाचवा हात

थळ,
४ सप्टेंबर २०२४

चि. बिल्किस हिला अंबाजी सरांचा आशीर्वाद.

'परसातले रेणू' या माझ्या पुस्तकाची तू छपाईसाठी जुळवलेली पानं पोस्टाने मिळाली. पाकीट फोडलं आणि पटलं, की माणूस लग्नात मिळालेल्या आडनावालाही जागतो. फिरफिरे झालीस आणि सगळं फिरवून ठेवलंस.

हळदीच्या रेणूची साखळी पानभर सरळ जायला हवी. तुझ्या पानावर ती जिलबीसारखी गुंडाळली गेली आहे. सुपारीच्या रेणूचं षट्कोनी कडं डोक्यावर उभं आहे. चिंचेचं आम्ल उभं असतं, ते तू आडवं निजवलंस. हे सगळं मी फोनवर सांगणार होतो, पण मागच्या वेळचं तुझ्या लक्षात असेल. तू 'दोन कोलन चुकले' म्हणालीस आणि मला 'दोन कोळणी चुकल्या' ऐकू आलं. मी शेजारच्या बायजाला जाऊन सांगितलं, की बोर्लीला तुमच्यातल्या दोघी वाट चुकल्यात. ती तीन दिवस गावभर चौकशी करत होती. कानातलं यंत्र नवीन घेतलंय, पण यापुढे जे काही बोलायचं ते कागदावर.

पुस्तक २६ जानेवारीला आपल्या शाळेच्या पन्नासाव्या वर्षाच्या समारंभात निघणार आहे. माझी एकच इच्छा आहे, त्यात एकही चूक असू नये. तीस वर्षं शिकवलं, माझ्या फळ्यावर कुणी चूक दाखवू शकलं नाही, हे तुला माहीत आहे. ज्या पुस्तकाला शुद्धिपत्र जोडावं लागतं ते पुस्तक नव्हे, माफीनामा. मला माफीनामा काढायचा नाही.

माझ्या वहीतल्या पेन्सिलीच्या आकृत्या पुसट झाल्या आहेत हे खरं. म्हणून सोबतच्या कागदांवर प्रत्येक आकृती शब्दांत लिहून पाठवतोय. वर्गात सांगायचो तसंच लिहिलंय, म्हणजे तुला अडचण येणार नाही. उदाहरणार्थ चिंच: वरचा ओएच डोंगराकडे, खालचा ओएच समुद्राकडे. आणि पहिल्या दिवशी शिकवलेलं विसरू नकोस. कार्बनला चार हात. तीन नाहीत, पाच नाहीत.

तुझा,
अंबाजी सर

---

बोर्ली पंचतन,
१३ सप्टेंबर २०२४

आदरणीय सरांना सलाम.

पत्र वाचून मी हसले आणि मग लाजले. बायजामावशींना सांगा, दोन्ही कोळणी सापडल्या, माझ्याच कॉम्प्युटरमध्ये होत्या.

सर, मी घरी बसून लग्नपत्रिका आणि प्रश्नपत्रिका जुळवते. त्याला एक साधं सॉफ्टवेअर पुरतं. तुमच्या पुस्तकासाठी मी दुसरं शिकले, ज्यात आकृती हाताने काढायची नसते, आज्ञा टाइप करायची असते. तुम्ही म्हणाल, मग चुकतं कसं? तर ऐका.

रेघ कुठल्या दिशेला जावी हे सांगायला चौकोनी कंसात आकडा लिहायचा. आकड्याआधी एक कोलन (:) दिला, तर कोन पानाच्या उजव्या बाजूपासून मोजतात. दोन कोलन दिले, तर आधीची रेघ जिकडे तोंड करून उभी आहे तिथपासून मोजतात. आणि कोलन दिलाच नाही, तर एक म्हणजे एक अंश नव्हे, पंचेचाळीस अंश. हळदीच्या साखळीत मी सगळीकडे दोन कोलन दिले. प्रत्येक रेघ मागचीपेक्षा थोडी वळली आणि जिलबी झाली. चिंचेत नुसता दोन हवा होता, त्याआधी कोलन पडला, नव्वद अंशांचे दोनच अंश झाले, म्हणून ती निजली.

कड्यांचं तर विचारूच नका. त्यासाठी सॉफ्टवेअरला जोडायची दोन पॅकेजं वापरावी लागतात, एकात जे येतं ते दुसऱ्यात नाही. पहिलं पॅकेज कोपरे माथ्यापासून घड्याळाच्या दिशेने मोजतं, दुसरं उलट्या दिशेने. एकात उणे चिन्ह म्हणजे बंधाची रेघ, दुसऱ्यात तेच चिन्ह म्हणजे ऋण भार. आमच्या सासरच्या भावकीत हेच आहे. चार भावांनी चार वेळा घराला खोल्या जोडल्या, आणि 'तिसऱ्या खोलीत ठेव' म्हटलं की प्रत्येकजण आपल्या दारापासून मोजतो. वस्तू कधीच सापडत नाही.

आता मी भिंतीवर तक्ता लावलाय: एक कोलन म्हणजे पानाचा कोन, दोन कोलन म्हणजे शेजाऱ्याचा कोन. माझी माहीन विचारते, अम्मी, हा कुठला मंत्र? तुमच्या शब्दांतल्या सूचना मात्र फार उपयोगी पडतात. या वेळी मी वहीकडे बघितलंच नाही, तुमचा शब्द प्रमाण मानला. पानं सोबत आहेत.

तुमची विद्यार्थिनी,
बिल्किस

---

थळ,
२४ सप्टेंबर २०२४

चि. बिल्किस,

हळद सरळ झाली, त्याबद्दल शाबासकी. चिंच उभी राहिली, त्याबद्दलही. पण ती उलटी उभी आहे.

पुस्तकातली एकूण एक आकृती तू आरशात बघून काढल्यासारखी आली आहे. जे डावीकडे हवं ते उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. बाकीच्यांचं एकवेळ चालेल, हळद कुठूनही बघितली तरी हळदच. पण चिंचेचा रेणू हाताच्या पंजासारखा आहे. उजवा तो उजवा, त्याला फिरवून डावा करता येत नाही. तू काढलेलं आम्ल आपल्या चिंचेत नसतं. असं आम्ल घातलेलं सार आमची प्रणालीसुद्धा करणार नाही, आणि तिच्या हातून आजवर बरंच काही झालंय. (हे पत्र प्रणालीच पोस्टात टाकणार आहे, पण सुनेने सासऱ्याचं पत्र उघडू नये एवढी रीत तिला आहे.)

मी सूचना स्पष्ट लिहिल्या होत्या. डोंगराकडे म्हणजे डोंगराकडे. यात कुठला कोलन आडवा आला?

अंबाजी सर

---

बोर्ली पंचतन,
२ ऑक्टोबर २०२४

आदरणीय सर,

कोलन नव्हे, माझं टेबल आडवं आलं.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. मग विचार केला, आपण बारावीच्या वर्गात कसे बसायचो? फळा उत्तरेच्या भिंतीवर. समुद्राची खिडकी डाव्या हाताला, डोंगराची उजव्या. तुम्ही डावं-उजवं कधी म्हणालाच नाहीत, कायम 'ओएच समुद्राकडे, मिथिल डोंगराकडे'. आम्हीही तसंच शिकलो. मी बारावीच्या सुट्टीत मुरुडच्या मामाकडे गेले होते, तिथल्या मुलांना कळेना की ही रसायनशास्त्रात समुद्र का घालते.

आता माझा कॉम्प्युटर दक्षिणेच्या भिंतीला आहे. मी त्याच्याकडे तोंड करून बसते तेव्हा समुद्र माझ्या उजव्या हाताला. तुम्ही लिहिलंत समुद्राकडे, माझा हात आपोआप उजवीकडे गेला. चौऱ्याण्णव आकृत्या, सर. एकदाही मनात आलं नाही.

काल टेबल उचलून उत्तरेच्या भिंतीला लावलं. त्यासाठी फ्रिज हलवावा लागला, फ्रिजसाठी शिलाई मशीन, आणि मशीन हलवल्यामुळे सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. हे कतारहून फोनवर म्हणाले, डावं-उजवं सरळ विचारून घेतलं असतं तर? त्यांना काय सांगणार. ते मुंबईत शिकले.

आता सगळ्या आकृत्या जागच्या जागी आहेत. एकच अडलंय. पान ६१, कापूर. वहीत ही एकच आकृती शाईने काढलेली आहे. तिच्यात कड्याचे दोन कोपरे जोडणाऱ्या वरच्या पुलावरच्या कार्बनला तीन मिथिल आहेत. सॉफ्टवेअर तिथे दोनच घेतं, तिसरा घालायला गेलं की अडतं. तिसरा मिथिल पुलाच्या डोंगराकडच्या पायाशी, ऑक्सिजनच्या शेजारच्या कोपऱ्यावर दिला तर झटक्यात छापतं. तसं करू का? सॉफ्टवेअरचीच अडचण आहे, बाकी काही नाही.

तुमची,
बिल्किस

---

थळ,
११ ऑक्टोबर २०२४

चि. बिल्किस,

टेबलाची हकिकत प्रणालीला वाचून दाखवली. ती हसून हसून खाली बसली. तिने माझं मागचं पत्र वाचलं असावं असा मला संशय आहे, कारण आज सार पाणचट होतं.

कापराबद्दल मात्र नाही. यंत्राला जमत नाही म्हणून रेणू बदलायचा, ही कुठली पद्धत? उद्या यंत्र म्हणेल की पाण्यात हायड्रोजन एकच ठेवा. १९९५ पासून निवृत्त होईपर्यंत तेरा वर्षं मी हाच कापूर फळ्यावर काढला. तेरा वर्षांत कुणाची तक्रार आली नाही.

राग मानू नकोस, पण कापूर तुला तेव्हाही जमला नव्हता. १९९९ साली बारावीच्या शेवटच्या चाचणीत तू तो चुकीचा काढला होतास आणि दोन गुण गेले होते. विनेशने फळ्यावर होता तसाच काढला. त्याला पन्नासपैकी सत्तेचाळीस पडले, तुला शेहेचाळीस, आणि बक्षिसाचा स्टीलचा डबा त्याने नेला. तुझ्यापेक्षा तो हुशार नव्हता, पण सांगितलेलं ऐकायचा.

वहीत आहे तसाच छाप.

अंबाजी सर

---

बोर्ली पंचतन,
१८ ऑक्टोबर २०२४

आदरणीय सर,

वहीत आहे तसाच छापलाय. पान सोबत आहे.

मी तुमच्याशी खोटं बोलले, ते आधी सांगते. सॉफ्टवेअर अडत नाही. त्याला रसायनशास्त्र येत नाही, सर. कार्बनला सात हात द्या, नऊ द्या, ते निमूटपणे काढून देतं. कोलन चुकला तर सतरा ओळींची तक्रार करतं, पण रेणू चुकला तर चकार शब्द काढत नाही. मी त्याचं नाव पुढे केलं, कारण तुम्हाला माझ्या तोंडून ऐकावं लागू नये असं वाटलं.

चाचणीत मी काढला होता तो कापूर मला अजून आठवतो. आदल्या आठवड्यात घरी बसून मी फळ्यावरच्या आकृतीतले हात मोजले होते. पुलावरच्या कार्बनला दोन बाजूंचे दोन हात आणि वर तीन मिथिल. दोन आणि तीन पाच. मी चार वेळा मोजले. मग एक मिथिल शेजारच्या कोपऱ्यावर नेऊन बघितला, तर सगळ्यांचे चार-चार झाले. पेपरात तसा काढला. तुम्ही त्यावर लाल पेनाने फुली मारलीत आणि बाजूला लिहिलंत, 'लक्ष कुठे होतं?'

लक्ष तिथेच होतं, सर. मी तेव्हा बोलले नाही. तुमच्या फळ्यावर चूक दाखवायची म्हणजे समुद्रात मीठ कमी आहे म्हणण्यासारखं होतं. पण मला वाईट वाटलं होतं आणि अजूनही वाटतं. डब्याचं नाही एवढं. डब्याचंही थोडं. विनेशचं आता बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे आणि त्या डब्यात तो खिळे ठेवतो. मी पडद्याचे हूक घ्यायला गेले की तो डबा समोरच असतो.

तुम्हाला पुस्तकात एकही चूक नको आहे. मलाही नको आहे, म्हणून लिहिलं. पान ६१ वर एकदा बोट ठेवून मोजा, एवढीच विनंती. त्यानंतर तुम्ही सांगाल तेच छापेन. फाइल ३० नोव्हेंबरला छापखान्यात जायची आहे.

बिल्किस

---

बोर्ली पंचतन,
१५ नोव्हेंबर २०२४

आदरणीय सर,

महिना होत आला, तुमचं पत्र नाही. मी जास्त बोलले असेन तर माफ करा. काळजी वाटून प्रणालीताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, 'बाबा बरे आहेत, जेवतात, पण बोलत नाहीत. सारखी कणीक मागतात.' यातून मला काही उलगडा झाला नाही.

मी पान ६१ दोन्ही प्रकारे जुळवून ठेवलंय. एका फाइलचं नाव 'सर', दुसरीचं 'कापूर'. कुठली पाठवू ते कळवा. दिवाळीच्या करंज्या पाठवल्याबद्दल प्रणालीताईंना सलाम सांगा. करंज्या छान होत्या, हे तुम्ही स्वतः त्यांना सांगितलंत तर बरं.

बिल्किस

---

थळ,
२६ नोव्हेंबर २०२४

चि. बिल्किस,

तुझं ऑक्टोबरचं पत्र वाचलं आणि मला तुझा संताप आला. मोजायचं नाही असं ठरवलं. आठ दिवस पान ६१ कपाटात बंद करून ठेवलं. नवव्या दिवशी बाहेर काढलं आणि कणकेचे गोळे आणि खराट्याचे हीर घेऊन पडवीत बसलो, वर्गात करायचो तसा रेणू बांधायला. एका गोळ्याला चार हीर, एवढाच नियम.

बायजा मासळीची टोपली घेऊन चालली होती. थांबून बघत राहिली. मी पुलावरच्या गोळ्यात पाचवा हीर घुसवायला गेलो, तसा गोळा फुटला. दुसरा गोळा घेतला, तोही फुटला. बायजा म्हणाली, "मास्तर, बाकीच्यांना चार काड्या हायत, त्यालाच पाच कशाला? त्यो काय तुमचा लाडका हाय?"

तीस वर्षांत मला कुणी चूक दाखवली नव्हती. आता दोघींनी दाखवली.

मग मूळ शोधत बसलो. ही आकृती मी १९९५ साली एका जुन्या पुस्तकातून उतरवून घेतली होती. ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे. कापराच्या पानाला नेमकी त्या कोपऱ्यावर घडी पडलेली आहे. घडीमुळे तिसरा मिथिल वर सरकलेला दिसतो. पान सरळ केलं की तो आपल्या जागी, तू म्हणालीस त्याच कोपऱ्यावर. मी पान सरळ केलं नाही. शाईने उतरवलं आणि तेरा वर्षं मुलांना पाच हातांचा कापूर शिकवला. त्यातल्या एकीने हात मोजले, तर तिला विचारलं, लक्ष कुठे होतं. बिल्किस, लक्ष माझं नव्हतं. माझं चुकलं, आणि मला त्याची फार लाज वाटते.

परवा एसटीने बोर्लीला येऊन गेलो. तुझ्या दारावरूनच गेलो, पण आत यायचा धीर झाला नाही. तुझं टेबल खिडकीतून दिसलं. उत्तरेला आहे, बरोबर आहे.

विनेशच्या दुकानात गेलो. त्याला सगळं सांगितलं आणि डबा मागितला. तो म्हणाला, "सर, ते मना तवाच म्हाईत होतं. पेपर मिळाल्यावर बिल्किसनं मागच्या बाकावर मोजून दाखवलं होतं. पन मी फळ्यावरचं काढलं, मंग मी कशाला बोलू?" हा मुलगा सांगितलेलं ऐकतो, हे मी तुला लिहिलं होतंच. डबा त्याने दिला, पण खिळ्यांसकट दिला, कारण ओतून ठेवायला दुसरं भांडं नव्हतं. अर्धा इंची खिळे आहेत, त्याचे त्याला परत कर.

फाइल 'कापूर' छापायला पाठव. मुखपृष्ठाच्या आत तुझं नाव घाल, 'आकृत्या व तपासणी: बिल्किस फिरफिरे'. आणि पुस्तकाच्या शेवटी एक पान वाढव. पुस्तकात आता चूक नाही हे मला माहीत आहे, पण त्या तेरा वर्षांतल्या ज्या मुलांकडे माझ्या फळ्यावरून उतरवलेल्या वह्या आहेत त्यांच्यासाठी ते पान हवं. समारंभात त्यातले बरेच येतील. माफीनाम्याबद्दल मी काय लिहिलं होतं ते विसर. मजकूर असा:

शुद्धिपत्र
१९९५ ते २००८ या काळातील वह्यांमध्ये, कापूर: वरच्या पुलावर तीन मिथिलऐवजी दोन वाचावेत.
१९९९ च्या शेवटच्या चाचणीत, बिल्किस: ४६ गुणांऐवजी ४८ वाचावेत.

डबा पार्सलने येतोय.

तुझा,
अंबाजी सर

ता. क. करंज्या छान झाल्या होत्या असं प्रणालीला सांगितलं. तिने माझं कानातलं यंत्र तपासून बघितलं.

---

बोर्ली पंचतन,
६ डिसेंबर २०२४

आदरणीय सरांना सलाम.

फाइल छापखान्यात गेली. शुद्धिपत्राचं पान जुळवायला बसले तेव्हा त्यात आकृती नव्हती, कंस नव्हता, कोन नव्हता. दोन ओळी आणि दोनच कोलन, तेही साधे. तरी मला अर्धा दिवस लागला, कारण अक्षरं नीट दिसत नव्हती. माहीनने विचारलं, अम्मी, रडतेस का? मी म्हटलं, कापूर डोळ्यात गेला.

पुढच्या वेळी दारावरून परत गेलात तर मी एसटीच्या आडवी उभी राहीन. सासूबाईसुद्धा बोलायला लागल्यात. उत्तरेच्या भिंतीशी उजेड चांगला येतो म्हणून त्यांनी शिलाई मशीनही माझ्या शेजारी आणवलं.

खिळे विनेशला परत केले. चार कमी आहेत असं तो म्हणतो. पुन्हा मोज, असं मी त्याला सांगितलं.

डबा घासून लख्ख केला. त्यावर कोरलंय, 'रसायनशास्त्रात प्रथम: विनेश'. भांड्यांवर नाव घालणारा बुधाजी म्हणाला, हे खोडून देऊ का? मी नको म्हटलं. होतं ते होतं, खोडायचं कशाला. त्याच्याच खाली एक ओळ कोरून घेतली:

'विनेशऐवजी बिल्किस वाचावे.'

तुमची,
बिल्किस